सॅक रिकामी आहे

जरीपटका, नागपूर
९ जानेवारी २०२५

प्रिय आईस,
सप्रेम जयभीम.

सावनेरला थंडी फार पडली म्हणे. पहाटे अंगण झाडायला जाताना स्वेटर घालत जा. तू पाठवलेल्या तुरीच्या शेंगा पोचल्या. तुझ्या जावयानं, विक्कीनंच उकडून दिल्या, दोघांनी खाल्ल्या.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून तूच वाच. धम्मानंदाला वाचायला लावू नको. भाऊ असला तरी काही गोष्टी त्याच्या तोंडून तुझ्या कानी पडायला नकोत.

रामदासपेठेत सोनोग्राफी झाली, तेव्हा मी तिथल्या जिन्यातूनच तुला फोन केला. म्हटलं, "आई, सॅक रिकामी आहे."

तू म्हणालीस, "मंग भर न वं! दोन गाऊन टाक अन् ये इकडं. मी लाडू करून राहिली तुयासाठी."

मी हो म्हणून फोन ठेवला. तू इतकी खुशीत होतीस की मला पुढं बोलवेना.

आई, इंग्रजीत हे शब्द दोन आहेत, उच्चार एकच. एक पाठीला लावतो ती सॅक. दुसरी पोटातली, पाण्यानं भरलेली पातळ पिशवी, जिच्यात बाळ वाढतं. माझ्या पोटात ती होती. आत बाळ नव्हतं. डॉक्टर मॅडम 'सॅक रिकामी आहे' म्हणाल्या, तेव्हा विक्कीचीही आधी गफलत झाली. पायाशी ठेवलेल्या आपल्या सॅककडे बघून म्हणाला, "नाही मॅडम, डबा आहे न तिच्यात." मग मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं. त्यानं माझा हात धरला, तो ऑटोत बसेपर्यंत सोडला नाही.

मॅडम मला म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही." शेजारच्या शोभाताई मात्र विचारतात, "पपई खाल्ली होती काय?"

नंतर तुला कळवलं की सर्दी झाली, येत नाही. सर्दी नव्हती. आतलं साफ करायला मी भरती झाले होते. रक्त थांबेना. बाटल्या चढवल्या, तरी थांबेना. मॅडम बाहेर येऊन विक्कीला म्हणाल्या, "पिशवी काढावी लागेल, नाहीतर ही वाचत नाही."

ही पिशवी कोणती, ते तुला समजावून सांगायची गरज नाही.

त्यानं सही केली. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "काढली काय?"

"तू आहेस न," तो म्हणाला.

घरी आल्यापासून तो नळ सोडून आंघोळीच्या खोलीत रडतो. मला ऐकू येतं.

तू ये. पण 'पुढं होईल सगळं' असं म्हणू नको, आणि माझ्यासमोर रडू नको. टाके ओढतात, हात वर जात नाही. तेवढे माझे केस विंचरून दे.

आता फक्त तुझी लेक,
दीप्ती