नवाकोरा दोर

प्रिय एक्स्पर्टसाहेब,

कोर्टात सगळे तुला हेच म्हणत होते, मग मीही म्हणते. काय तो तोरा! चष्मा काय पुसलास, पाणी काय मागवलंस, ‘माझ्या अभ्यासानुसार’ काय! शेजारच्या बाईने विचारलं, हा तुमचा कोण? म्हटलं, कुणी नाही.

आमच्या लाँड्रीतली मालाची लिफ्ट दोर तुटून कोसळली, इस्त्रीवालीचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. आता दारात खुर्ची टाकून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय बघत बसते. मालक म्हणतो, हिनेच गाठोडी जास्त भरली. आणि त्याने आणलेला तू सांगतोस, मी तपासलेला दोर ठणठणीत होता, चूक वजनाची. असणारच ठणठणीत! जुना तुटल्यावर मालकाने गुपचूप चढवलेला दोर तो. आम्ही बायका घसा फोडून सांगतोय, आमचं ऐकतो कोण? तुला वकिलाने विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. म्हणजे खोटंही बोलला नाहीस, वा रे हुशारी! तुला सांभाळायला मला चौथीतून काढलं, ते ही हुशारी बघायला?

म्हणशील, ताई, तुला त्यातलं काय कळतं? काही कळत नाही. पण साक्षीच्या आदल्या दिवशी माझ्याच घरी जेवताना तुझ्या भावोजींना हसत हसत कोण सांगत होतं, की दोर इतका कोरा, बोटाला कारखान्यातलं ग्रीस लागलं? जुना कुठाय ते विचारलंच नाही म्हणालास, उगाच कशाला उकरा. मी वाढत होते. वाढणारीला कान नसतात असं वाटलं काय तुला?

आई बरी आहे. पोरगा कसा बोलला विचारत होती. छान बोलला म्हटलं. एवढं एकच खोटं तुझ्यासाठी, पुढचं नाही.

काल इस्त्रीवालीच्या वकीलबाई घरी आल्या होत्या. शुक्रवारी तारीख आहे, आणि तुझं जेवतानाचं बोलणं मी साक्षीत सांगणार आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पण भर कोर्टात सख्ख्या भावाची अब्रू काढायची मला हौस नाही. दोर बदललेला होता आणि तुला ते माहीत होतं, हे तू स्वतः न्यायाधीशांना सांग, मी गप्प बसेन. सांगणार की नाही, गुरुवारपर्यंत फोन करून कळव. समजूत घालायला लागलास तर फोन ठेवून देईन.

तुझीच, अजून तरी,
ताई