सुनेची बांडगुळं

२६ मे १९५६
शेवटच्या बोटीने मधू मुंबईला गेला. बायकोला ह्या वर्षीही माझ्याकडे ठेवून. "खोली मिळना नाय, आई." लग्न झाल्यापासून हेच ऐकते आहे. मुंबईत एवढी माणसं राहतात ती काय झाडावर?

झाडांवरून आठवलं. सुमनने, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, आज ओटीच्या खिडकीत आपली बांडगुळं टांगली. म्हापशाहून लग्नाच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत घालून आणलेली. इतके दिवस मागच्या पडवीत होती, आता पुढे आली. एक अननसाच्या शेंड्यासारखं, मधोमध पेल्यासारखा खळगा. दुसरं म्हणजे गोसाव्याची जट, करडी, लोंबणारी. तिच्या आजोबांना ब्राझीलच्या बोटीवरच्या कुणा कप्तानाने दिली म्हणे. त्या कप्तानाला द्यायला दुसरं काही मिळालं नाही.

ना फळ, ना भाजी, ना देवाला चालेल असं फूल. विचारलं, माती कुठे? म्हणाली, "माती नको तेंका, आई. वाऱ्यार वाडतत."
वाऱ्यावर वाढलेल्या पोरी जन्मभर शाळेत शिकवल्या. त्यांचं पुढे काय होतं ते मला विचार म्हणावं.

११ जून
सकाळी चांगुलपणा करायला गेले. देवाचं झाल्यावर तांब्यात उरलेलं पाणी त्या खळग्यात ओतलं. सु. धावत आली. "आई, तांब्याच्या भांड्यातला उदक घालू नकात. मरता ता."
उदक म्हणते! आमच्याकडे उदक श्राद्धाला सोडतात.
आणि काय तर म्हणे तांबं सोसत नाही. देवाला सोसतं, आम्हाला सोसतं, ह्या लाटसाहेबाला सोसत नाही. विहिरीचंही नको, मचूळ आहे. पावसाचंच हवं. पागोळ्यांखाली मडकी मांडून ठेवली आहेत रांगेने. न्हाणीला जायचं तर त्यांच्यावरून उडी मारून.

२ ऑगस्ट
शेजारची जनाक्का आली होती. हिला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय चहा उतरत नाही. खिडकीकडे बघून म्हणाली, "असली बांडगुळां घरात टांगल्यार पाळणो कसो हलतलो गो?"
सु. आत वाटण वाटत होती. वाटण्याचा आवाज थांबला.
मी म्हटलं, "पाळणो हलूक घोव घरात असूचो लागता, जनाक्का. तुजा शिक्षण कमी म्हणान सांगतंय."
कपातला चहा तसाच ठेवून गेली. बरं झालं. साखर फुकट गेली तेवढीच.
बांडगूळ म्हणायचा हक्क माझा. घर माझं आहे. तिने का म्हणावं?

१९ ऑक्टोबर १९५७
मलेरियाचे फवारेवाले आले. त्यांचा मुकादम, अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, भाषा थेट कचेरीतली. "ह्या झाडांत पाणी साचतं. डास होतात. ताबडतोब फेकून द्या." मी मनात म्हटलं, देवच पावला.
पण सु. दारात आडवी उभी राहिली. ह्या घरात तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "रोज सकाळी उलटी करून पाणी बदलतंय. एक आळी दाखवा, मी माज्या हातान समुद्रात टाकतंय."
मुकादमाने बॅटरी मारून सगळे खळगे तपासले. काही नाही. मग चिडून घरभर हिंडला. आळ्या सापडल्या त्या माझ्या तुळशीजवळच्या दगडी डोणीत. मला आरोग्यावर व्याख्यान दिलं. मला! ह्याच्या आईला बाराखडी मी शिकवली असेल.
जाताना भिंती पांढऱ्या करून गेला. सु. दुपारभर एकेक पान ओल्या फडक्याने पुसत बसली. लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. बघवलं नाही, आत गेले.

९ मे १९५८
मधू रजेवर. केसांना तेल नाही, काहीतरी चोपडलं आहे. बोलताना "आमच्या मुंबईला" म्हणतो. जन्मला तो ह्या माजघरात.
अननसाच्या शेंड्याला फूल आलं आहे. खरं सांगायचं तर शोभतं. गुलाबी शेपटासारखा दांडा, खाली वाकलेला, त्याला निळी-हिरवी बारकी फुलं. सु.ने खिडकीतून उतरवून नवऱ्याच्या पानासमोर ठेवलं. तो म्हणाला, "मुंबईत साहेबलोकांच्या दिवाणखान्यात असतत असली. माज्या साहेबाक देतंय. खूश जातलो."
"आणि माका काय?" असं तिने विचारलं नाही. मीही नाही.

१८ मे
मधू गेला. धक्क्यापर्यंत ते झाड दोन्ही हातांत धरून, जपून, तान्ह्या पोराला न्यावं तसं. चार वर्षांमागे हिला माहेरून आणताना हिची ट्रंक हमालाच्या डोक्यावर आणि हा पुढे विडी ओढत.
सु. धक्क्यावर आली नाही. झाडाच्या बुडाशी फुटलेली पिल्लं तिने आधीच काढून घेतली होती, ती नारळाच्या सोडणांना बांधत बसली होती. काथ्याने. घट्ट.
म्हटलं, दिलंस कशाला? म्हणाली, "फूल इल्यार ता झाड मरताच, आई. पिल्लां आसत ना."
एवढी शहाणी असेल असं वाटलं नव्हतं.

७ मार्च १९५९
माझा भाचा शाबी, रेडीला बोटीत खनिज भरतात तिथे कारकून आहे, तो आज मुद्दाम आला. चेहरा पाहूनच कळलं. सु.चे वडील गेले. कधी, तर संक्रांतीच्या आधी. तेरेखोलची खाडी ओलांडून कोणी माणूस आला, त्याच्याकडून ह्याला कळलं. गोव्याची वाट बंद, टपालाचाही भरवसा नाही. तेरावं, मासिक, सगळं होऊन गेलं आणि इथे ही रोज कुंकू लावून झाडांना न्हाऊ घालते आहे.
तिने न्हाऊन घेतलं. रडली नाही. शाबीला विचारलं, "रेडीसून आमचो गाव दिसता?"
"गाव दिसना नाय. मुलूख दिसता."
"माका थय व्हरशात?" हे मला.
वेंगुर्ल्यापर्यंतची गाडी म्हणजे हाडांची परीक्षा. पण बाईमाणसाला एकटं कसं पाठवणार?

१० मार्च
रेडी. लाल धूळ दातांत. समोर तेरेखोलच्या किल्ल्यावर फिरंग्याचं निशाण. त्याच्यामागे खाडी, खाडीमागे हिचा मुलूख. हवा तीच, माड तेच, मासळीचा वास तोच. मधे एक पोलीस, तोही तंबाखू मळत बसलेला. एवढ्यासाठी लेकीला बापाचं तोंड दिसू नये. राजकारण करणाऱ्या सगळ्यांच्या थोबाडीत एकेक द्यावीशी वाटली, इकडच्या आणि तिकडच्या.
सु. बराच वेळ उभी राहिली. मी वाळूत बसले. पाय दुखत होते.
परत येताना गाडीत तिचं डोकं झोपेत माझ्या खांद्यावर पडलं. हलवलं नाही. झोपलेल्या माणसाला उगाच कशाला.
मधूला तार केली होती. आला नाही. "काम आहे."

३१ ऑगस्ट १९६०
चतुर्थीसाठी जनाक्काचा थोरला, बाबलो, मुंबईहून आला. गिरणीत आहे. पाया पडायला आला तेव्हा ओटीवरची बांडगुळं बघून हसला. आता खिडकी भरून वरच्या वाशांपर्यंत गेली आहेत, नवं माणूस दचकतंच.
म्हणाला, "मधूदादाच्या खोयेतय असाच आसा, बाये. खिडकीत."
मी म्हटलं, कुठल्या खोलीत? तो साहेबाला देणार होता.
"नाय नाय, दादाच्याच. दोन खिडक्यांची खोली आसा. मी गेललंय ना! वैनीन माका च्याय दिल्यान."
माझ्या तोंडून "कुठली वैनी?" निघालं आणि बाबलोला कळलं. मान खाली. तोवर उशीर झाला होता. सु. माजघराच्या दारात, हातात मोदकाची ताटली.
तिने ताटली बाबलोपुढे ठेवली. मग विचारलं, "ती झाडाक पाणी कित्यान घालता?"
बाबलो घामाघूम. "तांब्यान."
"मगे मरताला," ती म्हणाली, आणि आत गेली.

१ सप्टें.
झोप नाही. खोली होती. दोन खिडक्यांची होती. आणि मी गावभर सांगत होते, माझ्या मुलाला मुंबईत जागा मिळत नाही बिचाऱ्याला.
बिचारा!
मी ह्याला वाढवला. रोज शुद्धलेखन घातलं. अक्षर अजून सुरेख आहे मेल्याचं.

४ सप्टें.
मधूला लिहिलं. एकच ओळ. यायचं तर तोंड धुऊन ये.
आज सु.ने नवीन चार पिल्लं बांधली. मी काथ्या धरून दिला. तिला दोनच हात आहेत म्हणून.

२० डिसेंबर १९६१
गोवा मोकळा झाला. बाजारात पेढे. ज्यांनी आयुष्यात गावची वेस ओलांडली नाही ते छाती काढून हिंडताहेत, जसा किल्ला ह्यांनीच घेतला. जनाक्काचा नवरा दारात येऊन घोषणा देऊन गेला. धोतर सावरता येत नाही त्याला.
सु. विहिरीवर होती. सांगितलं. कळशी अर्धी वर आली होती, ती तशीच धरून उभी. मग म्हणाली, "वाट चालू झाली?"
मग रडली. बापासाठी, आज. मी कळशी हातातून घेतली.

१४ जानेवारी १९६२
तिचा भाऊ न्यायला आला. दामोदर. गोरा, किडकिडीत, फिरंगी कापाचा कोट. प्रत्येक वाक्याला मान लववतो. आमच्या ओटीवरची झाडं पाहून मात्र कोटबिट विसरला. तिथली सगळी मेली म्हणे, वडील गेल्यावर कोणी बघितलंच नाही. "आमगेलीं हीं!" असं म्हणत एकेकाला हात लावत फिरला. मला वाटलं आता सगळी गाडीत घालणार.
सु.ने दोनच घेतली.
ट्रंक बांधताना मी विचारलं, "कधी येतलंस?"
"बगूया, आई."
"बगूया म्हणजे?"
ट्रंकेची दोरी आवळली. मग म्हणाली, "तुमी असल्यात म्हणान रवलंय हय. नायतर कित्याक रवतलंय?"
हे असं निघताना सांगायचं! सात-आठ वर्षांत एकदाही नाही, आणि गाडीवाला हाका मारत असताना. म्हटलं, ट्रंकेचं कुलूप नीट लाव.

२ मार्च
ह्या जटेला आठवड्यातून दोनदा बुडवायचं. अननसाचे खळगे रोज. खारा वारा सुटला की खिडकी लावायची, नाहीतर पानांची टोकं जळतात. पावसाचं पाणी मोठ्या मडक्यात राखून ठेवलं आहे ते संपत आलं. जनाक्का हसते, "सुनेची बांडगुळां सासवेच्या मानेर!"
माझी मान, मी बघीन.
दामोदरचं कार्ड: सगळे खुशाल, ताई बरी आहे. येण्याविषयी अक्षर नाही. त्याचं अक्षर तरी वाचता आलं, हेच खूप.

६ मे
मधू येऊन तीन दिवस झाले. जाड झाला आहे. दोन दिवस नुसतं खाणं आणि झोपणं. मग काल जेवताना, "सुमन खंय? तू जावक कशी दिलस?"
मी म्हटलं, "तुज्या दोन खिडक्यांच्या खोयेत काय आसा?"
घास हातातच. म्हणाला, ती बाई गेली. कधीच गेली. आता खोली रिकामी आहे, सुमनला न्यायचं म्हणतो.
रिकामी झाली म्हणून न्यायचं. भाडं फुकट जायला नको!
रडला. पुरुष पानावर रडला की भात गार होतो, दुसरं काही होत नाही. पण पाठीवरून हात फिरवला. माझाच आहे. काय करणार?
"तू चिठी लिही तिका, आई. तुजा ऐकात ती."
ऐकेल. म्हणूनच लिहिणार नाही.

८ मे
सकाळच्या गाडीने बांद्याला गेला, तिथून पुढे म्हापसा. निघताना खिडकीतलं फुलावर आलेलं एक झाड उतरवत होता. "तिका व्हरतंय. खूश जातली."
हातातून काढून घेतलं. "रिकाम्या हातान जा. काय सांगूचा ता तोंडान सांग."
कपाळाला आठी घालून गेला. जाईना का.

१२ मे
चार दिवस झाले. कार्ड नाही, माणूस नाही. तिने ठेवून घेतला असेल. किंवा दारातून हाकलला असेल आणि हा तोंड लपवून परस्पर मुंबईला गेला असेल. किंवा ती त्याच्याबरोबर निघाली असेल, दोन खिडक्यांत राहायला, आणि ही ओटी कायमची माझ्या एकटीच्या गळ्यात. ह्यातलं मला काय हवं? विचारणारं कोणी नाही, बरंच आहे.

दोन दिवस संध्याकाळी नाक्यावर जाते. भाजी घ्यायला. आज जनाक्का मागून आलीच.
"कोणाची वाट बगतंस गो? झिलाची की सुनेची?"
"गाडयेची," म्हटलं. "मेल्यांका एक दिवस वेळेर येवक जमना नाय."