आधी धडकवून आणा

विमा कार्यालयातल्या मॅडमना,
नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही मला नियम नीट समजावून सांगितलात, आवाजही चढवला नाहीत. माझ्या मुलीची दारू सुटायची तर तिला व्यसनमुक्ती केंद्रात भरती करा, असं डॉक्टर म्हणतात. तुमचं म्हणणं, आधी तिला घरी राहून गोळ्या घेऊ द्या; त्यावर ती पुन्हा प्यायली, तरच भरतीचा खर्च विम्यातून मिळेल.

माझं गॅरेज आहे. ब्रेक लागत नाहीत म्हणून कोणी गाडी घेऊन आला, तर मी त्याला 'आधी कुठेतरी धडकवून आणा' असं म्हणत नाही.

पोरगी महिनाभर प्यायलेली नाही. पण संध्याकाळ झाली की घरी एकटी थांबत नाही, गॅरेजमध्ये माझ्या शेजारी येऊन नटबोल्ट वेगळे करत बसते. म्हणते, "बाबा, माझा मलाच भरवसा नाही. मला आत ठेवा."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. ती प्यायलेली नाही, हे मीच माझ्या हाताने वर लिहून बसलोय. ते वाचून तुम्ही फाईल बंद कराल.

काल ती खाली बघत म्हणाली, "बाबा, मग एकदाच पिऊ का? विम्याचं काम तरी होईल."

मी ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. मी पाना शोधायला लागलो.

पाना माझ्या हातातच होता.

आपला,
पॉलिसीवाल्या पोरीचा बाप