टंकी खाली आहे

सोम., ९ जून. देवास.
आज एम.टेक.ची तोंडी. पाठ केलेली लेखी उत्तरं तपासून डोकं उठायचं, म्हणून मीच भांडभांड भांडून निम्मे गुण तोंडीला आणले. ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोला, हेही माझंच. आणि पहिल्याच वर्षी मयूरी नापास! धारची मयूरी, जिनं उंच पाण्याच्या टाकीचं डिझाइन मुळापासून स्वतः केलंय.

बाहेरचे परीक्षक पुण्याचे. हिचं आडनाव बघून खूश. "अरे वा, मराठीतच बोलू या." ही घरच्या मराठीत सुरू झाली. "सर, टंकी खाली असली की हवेनं उलटायची भीती जास्त."
"खाली असली की? खाली वारा कमी ना?"
"नाही सर, हवा तर तेवढीच लागते."
"मग वर असली की?"
"वर तर आहेच सर. पण खाली आहे ना."
मला आधी हसू फुटलं, मग घाम. तिची खाली म्हणजे रिकामी. बरोबर उत्तर! तोंड उघडलं तर परीक्षक म्हणाले, "मॅडम, सुचवायचं नाही." हा नियमही मीच लिहिलेला. हात दाखवून अवलक्षण.

मंगळ., १०
सकाळीच विभागप्रमुखांकडे. ते कन्नौदचे, मराठीशी संबंध नाही. "मॅडम, खाली मतलब खाली. इसमें दिक्कत क्या है?" तेच तर! कितीदा समजावलं. शेवटी पुन्हा तोंडी घ्यायला तयार झाले, शुक्रवारी. परीक्षक तेच, आठवडाभर इंदूरला आहेत. मी आत बसायचं नाही.
परीक्षकांना फोन केला. "रिकामी म्हणायला काय झालं होतं? एवढं मराठी यायला नको?" असा संताप आला. फोन ठेवल्यावर सगळी उत्तरं सुचली, नेहमीप्रमाणे.

बुध., ११
मयूरी आली. इंदूरच्या साइटवरची नोकरी या निकालावर अडलीय. रडली नाही. म्हणाली, "मॅडम, आई तर असंच बोलते. डबा खाली कर, टंकी खाली झाली. आईची मराठी चूक आहे का?"
"शुक्रवारी हिंदीत बोल," म्हटलं. मान हलवून गेली. चुकीचं बोलले मी, तिचा चेहराच पडला.

गुरु., १२
कशातच लक्ष नाही. वर्गात तोच फळा दोनदा पुसला. सकाळी ह्यांना म्हटलं, "गॅस खाली झालाय, नंबर लावा." ह्यांनी लावलाही. रात्री पोळ्या लाटताना एकदम लक्षात आलं नि लाटणं हातातच राहिलं. तीन पिढ्या देवासात, आणि मी मयूरीला मराठी शिकवणार!

शुक्र., १३
कॉलेजच्या व्हरांड्यात लिहितेय. बसवत नाही, उभंही राहवत नाही. शिपाई दोनदा म्हणाला, "मैडमजी, बैठ जाओ." मयूरी आत गेली, दार अर्धवट उघडं. परीक्षकांचा आवाज आला, "बोला. हिंदी चालेल, इंग्रजी चालेल."
मग ती बोलली, "मराठीतच सांगते सर. पहिले खाली म्हणजे काय ते सांगते, मग टंकी."
शिपायानं दार लोटलं. मयूरी अजून आतच आहे.