लग्नाच्या भिंतीवरचा खेकडा

शुक्रवार, संध्याकाळ. निरगुडसर

भाऊजींच्या सोनीचं लग्न जवळ आलंय, म्हणून दाराशेजारची भिंत मीच रंगवतेय. गणपती काढला, नवरानवरीची नावं घातली आणि उरलेल्या जागेत माझं माहेर काढलं, हर्णैचा किनारा. लाटा, सुरूची झाडं, समुद्रगरुड आणि वाळूत एक लाल खेकडा.

भाऊजी म्हणाले, "वयनी, समुद्र ऱ्हाऊ द्या, पण खेकडा पुसा. लगीनघरात बरा दिसत न्हाई. लोक म्हणत्याल, ही भावकी एकमेकांचं पाय वढती."

मग ओढत नाही का? त्यात खेकड्याचा काय दोष? इतकी वर्षं या घरात राबले, आणि माझ्या गावचा एक खेकडा यांना जड झाला?

पुसणार नाही. लगीनघरात बरा दिसत नाही म्हणे! उद्या त्याला मुंडावळ्याच बांधते.