ओढ्यात धुतलेला पंप

फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नको म्हणून तीनदा सांगितलं, तरी तुझी बायको गुणमाला म्हणते तू तिथंच धुतोस. फोनवर नुसतं "व्हय व्हय" करतोस, म्हणून कागद घेतला.

जयपाल, आईचा आशीर्वाद घे. मी कराडात तुझ्या बहिणीकडं, दीपालीकडं बरी हाय. गुडघा कुरकुरतोय, पर चालतंय.

दीपालीच्या पोरीच्या शाळेत पाणी जपायचं शिकवत्यात. बाईंनी मला बोलावलं. मी फडक्यातनं पाणी गाळून दाखवलं. पोरांना सांगितलं, फडक्यात अडकलेले बारके जीव फेकायचे न्हाईत, पाणी जिथनं आणलं तिथंच परत सोडायचे. आमी आमच्या ओढ्यात सोडतो.

तवा पुढची चिमुरडी म्हणाली, "आजी, मग ते ओढ्यात जगतात का?"

मी "व्हय" म्हणाले. पोरांपुढं कधी खोटं बोलले नव्हते, ते तुझ्यापायी बोलले.

आता बाई शनिवारी समद्या वर्गाला घेऊन आपला ओढा बघायला येणार हायत. काय दाखवू त्यांना, औषधाच्या रिकाम्या बाटल्या? सगळ्या गोळा कर. पंप रानातच धू आन् धुवण उसातच वत.

म्हैस अजून त्याच ओढ्यावर पाणी पिते का? चारा खाते न्हवं? गुणमालेच्या पायाची सूज उतरली का?

पंप कुठं धुतलास ते शनिवारच्या आत कळव. खरं काय ते लिही. आन् उत्तर तुझ्या हातानं लिहायचं, गुणमालेला पुढं करायचं न्हाई.

आई