डब्यातली साखर

मंगळवार, दिवे लागल्यावर

दवाखान्यातल्या आमच्या बचत गटाच्या कँटीनमध्ये प्लास्टिकची पिशवी बंद झालीय. सरकारी नियम. चुकीचा तरी कसा म्हणू? मागची गटार त्याच पिशव्यांनी तुंबायची. पण पातळ पेज पानाच्या द्रोणात घालून वरच्या वॉर्डात न्यायची कशी, हे कुणीच सांगत नाही.

काल सकाळी अक्कलकोटकडची एक बाई आली. नवरा वर ॲडमिट, जवळ भांडं नाही. "पिशवीत द्या की, ताई." मी नाही म्हटलं, द्रोण दिला. थोड्या वेळानं बघते तर जिनाभर पेज सांडलेली, आणि ही पदरानं पायऱ्या पुसतेय. मग माझाच जेवणाचा डबा भरून दिला. दुसरं काय करणार होते मी?

आज दुपारी डबा घासूनपुसून परत घेऊन आली.

"ऱ्हाऊ दे की अजून," मी म्हटलं.

"आता त्यास्नी न्हाई लागायचा, ताई."

डबा माझ्या हातात देऊन ती गेली.

घरी येऊन झाकण उघडलं तर आत चिमूटभर साखर. रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून. आजसुद्धा! कुठून आणली असेल?

जिन्यावरचे डाग पुसूनही दिसतात. डबा ओट्यावर आहे. साखर काढायला हात धजत नाही.